प्रतिवादी क्रमांक एक

"बाई, दार लोटू नका. सताड ऱ्हाऊ द्या."

केवळबाई तरटे माझ्याशी बोलल्या ते पहिलं वाक्य हे. बाहेर मे महिन्याचा फुफाटा होता, धुळीनं डोळे चुरचुरत होते, म्हणून आत आल्या आल्या मी दार ओढून घ्यायला गेले होते. म्हातारी भिंतीकडेच्या बाजेवर पडून होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती उठली नव्हती. पण आवाज असा खणखणीत, की माझा हात दारावरच थांबला.

"धूळ येतेय, आजी."

"येऊ द्या. धुळीचं काय घिऊन बसलात? अकरा वर्सं झाली, ह्या दाराला कडी लावली न्हाई."

कडी होती, पण गंजून जागच्या जागी घट्ट झाली होती. दाराच्या बाहेरच्या अंगाला एक पिवळा पडलेला कागद खळीनं चिकटवलेला होता. खालच्या कोर्टाचं समन्स. त्याच्या मधली शाई ओल्या बोटांनी चोळावी तशी फराटली होती. पाऊस लागला असेल, असं मी मनाशी म्हटलं. ओसरीच्या छपराखाली पाऊस कुठून लागणार, हे तेव्हा सुचलं नाही.

उंबऱ्याशी गोणपाट टाकलेलं होतं. उन्हानं वाळून कडक झालेलं. त्याच्यावर पाय पुसूनच मी आत आले होते. तसंच दुसरं एक गोणपाट अंगणातल्या भिंतीवर वाळत घातलं होतं, आणि त्याला काळा गाळ लागलेला होता.

मी तेव्हा खंडपीठात वकील म्हणून नुकती कुठं उभी राहायला लागले होते. जगातल्या बहुतेक माणसांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटायचं ते वय. न्यायमूर्तींनी मला कोर्ट कमिशनर नेमलं, म्हणजे जी साक्षीदार कोर्टापर्यंत येऊ शकत नाही तिची साक्ष तिच्या घरी जाऊन लिहून आणायची, तेव्हा मला वाटलं होतं की एका दिवसाचं काम, जायचं आणि यायचं.

प्रकरण तसं साधं होतं. केवळबाईंचा मुलगा लिंबाजी गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. एका संध्याकाळी, गंगेवरची कुणाची तरी मोटार बघून येतो म्हणून सायकल काढून गेला, तो गेलाच. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. सायकल सापडली नाही, माणूसही नाही. गावानं ठरवून टाकलं की हैदराबादेला पळाला. काहींनी तर तो एकटा पळाला नाही इथपर्यंत मजल मारली. मागं राहिली त्याची बायको, कुशावर्ता. कुंकू लावावं तर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पुसावं तर सासू अंगावर यायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत.

मग तिची बहीण वारली आणि बहिणीची तान्ही मुलगी, राही, तिच्या पदरात आली. बापानं दुसरं लग्न केलं. मनात येईल तेव्हा तो यायचा आणि पोरीला घेऊन जायचा. मागच्या उन्हाळ्यात नेली ती पोळ्याला आणून टाकली, तेव्हा पोरगी बोलायचीच बंद झाली होती. आता बाप दत्तक द्यायला तयार होता, नव्या बायकोनंच त्याला तयार केलं होतं. पण तो आज तयार, उद्या नाही. आणि लग्न झालेल्या बाईला दत्तक घ्यायचं तर कायद्याला एकतर नवऱ्याची संमती हवी, नाहीतर त्याचं मरण. कुशावर्तेकडे दोन्ही नव्हतं.

म्हणून तिनं दावा लावला. ज्यांना खबर लागायलाच हवी अशा जवळच्या माणसांना सात वर्षं ज्याची खबर नाही, तो मेला असं कायदा धरून चालतो. तेवढं जाहीर करून द्या, एवढंच तिचं मागणं. रीतीप्रमाणे नवऱ्याला प्रतिवादी क्रमांक एक केलं, सासूला क्रमांक दोन. नवऱ्याचं समन्स दारावर चिकटवलं. सासू मात्र, तेव्हा तिची कंबर धड होती, स्वतःच्या पायांनी साक्षीला उभी राहिली आणि सगळं होत्याचं नव्हतं झालं.

कुशावर्तेचे तालुक्याचे वकील ढाकणे माझ्याबरोबर जीपमध्ये होते. तंबाखू मळत त्यांनीच तो किस्सा रंगवून सांगितला.

"मी विचारलं, 'लिंबाजी तुम्हाला भेटतो का?' मला वाटलं, म्हणेल नाही. म्हातारी म्हणाली, 'भेटतो की.' कधी? 'रोज, दिवेलागणीला.' बोलतो? 'हौ.' कोर्टात हशा पिकला, बाई. मी म्हटलं, झालं आपलं काम, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय हे साहेबांना दिसलं. आणि मी खाली बसलो."

"पुढचं काहीच विचारलं नाहीत?"

"उलटतपासात एक प्रश्न जास्त विचारला की खटला हातचा जातो. आमच्या सीनिअरांची शिकवण आहे."

"एक कमी विचारला तरी जातो की, ढाकणेसाहेब."

ते हसले, पण मनापासून नाही. कारण खालच्या न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं की साक्षीदार सावध आहे, विचारलेल्याची सरळ उत्तरं देते, तिचा जबाब उलटतपासात जराही ढळला नाही. ज्या आईला मुलगा रोज भेटतो तिच्या मुलाची खबर नाही असं कसं म्हणायचं? दावा खारीज. जिल्ह्याचं अपीलही खारीज. दुसऱ्या अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत, पण आमच्या न्यायमूर्तींनी तो जबाब पुन्हा पुन्हा वाचला आणि म्हणाले, "या बाईंना पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तो विचारून या."

वाटेत जीपचं चाक पंक्चर झालं, स्टेपनीत हवा नव्हती, आणि दुपारी बाराला पोचायचे ते आम्ही ऊन कलल्यावर पोचलो. त्यामुळेच पुढचं सगळं घडलं असं ढाकणे नंतर म्हणत. मला तसं वाटत नाही.

कुशावर्तेनं चहा ठेवला. चुलीपुढं बसलेली ती बाई वाळक्या काटकीसारखी दिसत होती, पण हात चपळ. राही तिच्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. उंबऱ्यातलं गोणपाट रोज सकाळी ओलं सापडतं, असं ढाकणे वाटेत म्हणाले होते. मी आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांगा, ते गोणपाट रोज तुम्हीच भिजवता ना? म्हातारीच्या समाधानासाठी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. शहरातल्या माणसानं काही मूर्खासारखं विचारल्यावर गावातली माणसं पाहतात तसं.

"बाई, गंगंत वाळू उडायलीय. दोन महिने झाले टँकर येतोय, तोबी एक दिसाआड. तुमच्या च्याला पानी घातलं ते मोजून घातलं. मी पोत्यावर वतीन?"

"मग आजी..."

"आत्याबाईला कूस बदलायची तर मला हात लावावा लागतो." तिनं चहा गाळला. "रोज सकाळी वल्लं असतंय. मी ते वाळू घालती आन् दुसरं टाकती. इचारायचं मी कवाच सोडलं."

"तुम्हाला कधी दिसला नाही?"

"न्हाई." चहाचा कप तिनं माझ्यापुढं जरा जोरातच ठेवला. "मायला दिसतो. बायकूला कशाला दिसंल?"

त्या बोलण्यातला राग मला कळला. त्याच्याखाली आणखी काय होतं ते कळायला वेळ लागला.

बाजेजवळ पाट टाकून मी कागद मांडले. घरातली वीज तोडलेली होती, कुशावर्तेनं कंदील आणून ठेवला. ढाकणे दाराशी भिंतीला टेकून बसले. मी केवळबाईंना शपथ दिली, ईश्वरसाक्ष खरं सांगेन. त्यांनी ती शब्दन् शब्द म्हटली आणि वर म्हणाल्या, "मी मागंबी खरंच सांगितलं व्हतं."

मी विचारत गेले, लिहीत गेले. लिंबाजी कधी येतो? दिवे लागले की. कुठं बसतो? बसत नाही, उंबऱ्यावर उभा राहतो. आत येत नाही? नाही. जेवतो? नाही, मी विचारते, तो भूक नाही म्हणतो. कपडे कोणते असतात? गेला तेव्हाचेच, निळा सदरा. हातात पाना.

"आता कसा दिसतो, आजी? अकरा वर्षं झाली. केस पिकलेत?"

"न्हाई. हाय तसाच हाय."

लिहिता लिहिता माझं बोट थांबलं. मी वर पाहिलं. म्हातारी शांत होती. ढाकण्यांनी तंबाखूची डबी उघडली होती, ती तशीच हातात होती.

"आणखी काय सांगाल त्याच्याबद्दल?"

"भिजलेला असतोय. लई थंडी वाजती म्हनतो. मी म्हनते पूस अंग, तर म्हनतो, पुसलं तरी वाळत न्हाई, माय."

चुलीपाशी भांडं वाजलं. कुशावर्ता तिथंच होती, आमच्याकडं पाठ करून.

बाहेर उजेड विझत आला होता. गावात कुठंतरी भोंगा लावला होता, तो एकदम बंद पडला. आणि मला वास आला. उन्हाळ्यात आटलेल्या नदीला वास नसतो. हा वास गाळाचा होता, खोल पाण्यातल्या शेवाळाचा. मी पायाशी पाहिलं. बाजेखालची जमीन कोरडी होती. मग केवळबाईंनी मान वळवली, आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला, मऊ झाला. लेकरू शाळेतून घरी आल्यावर होतो तसा.

"आला," त्या म्हणाल्या. "ये बाळा. पाव्हणे हायती, तालुक्याचे. भिऊ नको."

दारात कुणी नव्हतं. मी हे शपथेवर सांगेन, आणि शपथेची किंमत माझ्या धंद्यात मला ठाऊक आहे. दारात संध्याकाळ होती आणि पलीकडं अंगण. फक्त उंबऱ्याशी ते गोणपाट, ज्याच्यावर मी पाय पुसले होते, ते मधून काळं पडत चाललं होतं. आधी दोन ठिकाणी. मग ते दोन्ही डाग पसरत पसरत एक झाले.

ढाकणे कधी उठले आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले, मला कळलं नाही. माझ्या कानाशी ते पुटपुटले, "बाई, आवरा. उद्या येऊ."

पण माझ्यासमोर तो न विचारलेला प्रश्न होता. तो विचारायलाच मला पाठवलं होतं. राही चुलीपाशी पदर धरून बसली होती, आणि तो प्रश्न विचारल्याशिवाय ती पोरगी कुणाचीच नव्हती. मी पेन कागदावर टेकवलं.

"केवळबाई, तुमचा मुलगा लिंबाजी जिवंत आहे का?"

म्हातारीनं झडप घालावी तसं माझं मनगट धरलं. बाजेवरून उठता न येणाऱ्या बाईच्या हातात इतका जोर कुठून आला कोण जाणे.

"हळू बोला!" तिचे डोळे दाराकडं गेले आणि परत माझ्याकडं आले. "त्याच्या म्होरं काय इचारता? त्याला ठावं न्हाई."

"काय ठाऊक नाही?"

तिनं मला जवळ ओढलं. तिच्या तोंडाला सुपारीचा वास होता. माझ्या कानाशी ओठ आणून, वाराही ऐकणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "मेलाय त्यो. त्याच राती मेला. पन त्याला अजून कुनी सांगितलं न्हाई."

मी तशीच वाकलेली राहिले.

"म्हनून मी भांडले कोर्टात," ती कुजबुजत होती. "सुनंचं वाकडं करायचं म्हनून न्हाई. कोर्टानं मेला म्हनलं की गावभर हुईल, त्याच्या कानावर जाईल. त्यो दारावरचा कागद बघून इचारायचा, माय, हे कशाचं हाय? बोटं लावून लावून बघायचा. त्याला काय वाचता येतंय? मी सांगितलं, लाइटबिल हाय बाळा, भरलंय."

"मग खालच्या कोर्टात का नाही सांगितलंत, तो मेलाय म्हणून?"

"कुनी इचारलं? 'भेटतो का' म्हनले. भेटतो म्हनलं. मी खोटं बोलले का?"

ती खोटं बोलली नव्हती. मी उत्तर लिहिलं. नियमाप्रमाणे साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मी पहिल्या प्रश्नापासून वाचायला लागले आणि तिनं पुन्हा माझं मनगट दाबलं. शेवटचं उत्तर मी तिच्या कानात वाचलं. तिनं मान हलवली, अंगठा दिला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. ढाकण्यांनी जबाबावर सही केली. निघताना आम्ही दोघांनीही त्या गोणपाटावर पाय दिला नाही. लांब ढांग टाकून उंबरा ओलांडला. बाहेर पडताना माझ्या उजव्या दंडाला ओल्या सुती कापडाचा स्पर्श झाला, एवढंच सांगते. त्याच्यावर अधिक काही बोलायची माझी तयारी आजही नाही.

अपील सुनावणीला आलं तेव्हा कोर्टात गर्दी नव्हती. न्यायमूर्तींनी माझा अहवाल समोर ठेवला होता.

"कमिशनर, शेवटच्या उत्तरापुढं तुम्ही लिहिलंय, 'साक्षीदाराने हे उत्तर कानात दिले व कानातच वाचून घेतले.' का?"

"मायलॉर्ड, तिथं हजर असलेल्या एका व्यक्तीला ते ऐकू जाऊ नये, अशी साक्षीदाराची इच्छा होती."

"कोणाला?"

खोटं सांगता आलं असतं. ढाकणे प्रेक्षकांच्या बाकावर बसून मान हलवत होते, नको नको म्हणून.

"प्रतिवादी क्रमांक एकला, मायलॉर्ड."

न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग स्टेनोला म्हणाले, "घ्या." आणि निकाल सांगायला लागले. खबर लागणं म्हणजे तो माणूस जिवंत असल्याची खबर लागणं. आई त्याच्याशी बोलते एवढ्यानं ती पुरी होत नाही. तो आता हयात नाही हे आईनं स्वतः सांगितलं आहे, आणि आईनं हे सांगणं याहून मोठा पुरावा कोर्टाला माहीत नाही. अपील मंजूर. आजही तो निकाल कुणी ना कुणी कोर्टात वाचून दाखवतं आणि मी कागदांत डोकं घालून बसते.

संध्याकाळी त्यांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. ते स्वतः गंगेकाठच्याच गावचे होते, हे तेव्हा कळलं.

"ज्याच्याविरुद्ध निकाल दिला त्याला तो कळवायचा असतो," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. "ऐकून न घेता माणसाला मेलेला ठरवलंय आपण. निदान सांगायला तरी कुणीतरी जायला हवं. हा हुकूम नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

मला नाही म्हणायचं होतं, अगदी तोंडाशी आलं होतं. पण मनगटावरची म्हातारीची ती पकड आठवली.

मी आधी ढाकण्यांकरवी निरोप धाडला. केवळबाईंचं उत्तर आलं: बाईला म्हणावं या. मी आई हाय, माझ्या तोंडून ते निघायचं न्हाई. कोर्टाचंच मानूस पायजे.

पावसाळा लांबलाच होता. ढाकणे गावाच्या वेशीपर्यंत आले आणि तिथं पारावर बसून राहिले. "दत्तकपत्राचा मसुदा तयार आहे, बाई. बापाची सही झालीय. ते काम माझं. हे तुमचं." त्यांना दोष देत नाही.

दिवे लागले. निकालाची नक्कल घेऊन मी बाजेशी बसले, दाराकडं तोंड करून. कुशावर्ता चुलीपाशी उभी होती, राही तिच्या कडेवर झोपलेली. वास आला. गोणपाट काळं पडलं. केवळबाईंनी या वेळी "ये बाळा" म्हटलं नाही. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि मला खूण केली.

निकाल इंग्रजीत होता. मी शेवटचा परिच्छेद मराठीत करून वाचला. "प्रतिवादी क्रमांक एक, लिंबाजी ज्ञानोबा तरटे, राहणार याच गावचे, हे मरण पावले असल्याचं हे न्यायालय जाहीर करत आहे."

कंदिलाची ज्योत सरळ होती. मग केवळबाई बोलायला लागल्या. पदराआडून, मध्ये मध्ये थांबत, कुणाचं तरी ऐकून उत्तर द्यावं तसं.

"व्हय बाळा, खरं हाय ते."

"...पयल्या दिसापासून ठावं व्हतं."

"...कसं सांगू? तू रोज येत व्हतास."

"...न्हाई रे, तुजी काई चूक न्हाई. पाय घसरला आसंल."

मग कितीतरी वेळ नुसतं ऐकणं. त्यांची हनुवटी हलत होती. शेवटी त्यांनी पदर काढला. चेहरा कोरडा होता.

"जा आता," त्या म्हणाल्या. "थंडी वाजायची न्हाई आता तुला. जा, लेकरा."

अंगणात वाळका पाला वाजला, वाऱ्यानं वाजतो तसा. वारा नव्हता. आवाज नदीच्या अंगाला गेला आणि थांबला. गाळाचा वास विरला आणि चुलीतल्या धुराचा, भाकरीचा, माणसांच्या घराचा साधा वास परत आला. मला एकदम रडू फुटलं.

"कुशावर्ते," केवळबाई म्हणाल्या, "कडी लाव."

कुशावर्तेनं राहीला माझ्या मांडीवर दिलं. दार लोटलं. कडी हलेना, तेव्हा वरवंटा आणून तिनं ती ठोकली. गंजाचे पापुद्रे खाली पडले आणि अकरा वर्षांनी कडी कोयंड्यात बसली. तिचा हात मात्र कडीवरच राहिला.

"आत्याबाई," आमच्याकडं पाठ करूनच तिनं विचारलं, "येवढी वर्सं येत व्हते. मला कवाच इचारलं न्हाई त्यांनी?"

मला वाटलं, म्हातारी उत्तर देणार नाही. पण खरं सांगायची शपथ मी दिली होती, आणि ती सुटली असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"रोज इचारायचा," केवळबाई म्हणाल्या. "आल्या आल्या पयलं तेच. ती कुठंय, माय?"

"मंग?"

"मी म्हनायचे, म्हायेरी गेलीय." त्यांनी डोळे मिटले. "तुला बघितलं आस्तं तर त्यो मह्याकडं कशाला थांबला आस्ता?"

चूल तिथून पाच पावलांवर होती, सताड उघड्या दाराच्या फळीआड, उंबऱ्यावरून न दिसणारी. अकरा वर्षं रोज दिवेलागणीला ती बाई त्या चुलीपुढं बसलेली होती, दाराकडं पाठ करून, रागानं.

कुशावर्तेनं आत्ताच ठोकून बसवलेली कडी दोन्ही हातांनी ओढून काढली. बोट कापलं, रक्त आलं, तिचं लक्ष नव्हतं. दार सताड उघडून ती अनवाणी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. बाहेर आता काळोख होता.

"मी घरातच व्हते," ती म्हणाली. ओरडून नाही. समोर माणूस उभा असावा तितक्याच आवाजात.

ती थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो. मग ती खाली बसली आणि पायाखालच्या गोणपाटावरून हात फिरवायला लागली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पुन्हा पुन्हा. मघाशी काळं पडलेलं ते आता कोरडं होतं.